मास्तरांचा उजवा पाय

जगात आजवर जेवढी वैरं झाली असतील, त्यांतलं एकही इतक्या झटपट सुरू झालं नसेल. गाडी शिकायला नाव घालायचं म्हणून मी रस्ता ओलांडत होतो. पलीकडे ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात एक गृहस्थ गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते. आमची नजरानजर झाली आणि माझ्या पायाखालचं डांबर मऊ पडलं. त्या नजरेने दूध नासलं असतं, भिंतीचा रंग उडाला असता, कोर्टात उभा राहिलेला निर्दोष माणूस 'होय, मीच केला' म्हणून मोकळा झाला असता. फाटकापाशी झोपलेलं कुत्रं उठलं, त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि 'तुमचं चालू द्या' असा चेहरा करून ते जे गेलं, ते त्या गल्लीत पुन्हा कुणाला दिसलं नाही. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. नुसता चालत होतो.

"नाही येणार," ते गृहस्थ म्हणाले.

"काय नाही येणार?"

"गाडी. तुम्हाला नाही येणार. चालण्यावरून कळतं. उजवा पाय टाकण्याआधी विचार करता तुम्ही."

तोवर माझी माझ्या उजव्या पायाबद्दल काहीही तक्रार नव्हती. त्या दिवसापासून मी जिना उतरताना कठडा धरायला लागलो.

"मग शिकवू नका," मी म्हणालो.

"शिकवणार तर! माझं कामच ते. पण येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर माझ्या नावाने बोंबलू नका."

हे आमचे मास्तर. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली होती आणि त्यांतल्या बहुतेकांना गाडी येत नव्हती. दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

त्यांचं शास्त्र पक्कं होतं. गाडी ही शिकायची गोष्टच नव्हे, ती जन्माला येताना अंगात घेऊन यायची गोष्ट. ज्याच्या अंगात ती आहे त्याला चार दिवसांत येते, आणि ज्याला चार दिवसांत आली नाही त्याच्या अंगात ती नाही. शिकवणाऱ्याने फक्त शेजारी बसून बघायचं, आहे की नाही. आणि तोवर विद्यार्थ्याला चुकू द्यायचं नाही. "एकदा चुकीचा पाय पडला की तो हाडात बसतो," ते म्हणायचे. "मग देव आला तरी निघत नाही."

चुकू न देण्याची सोय गाडीतच होती. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. कंपनीने तो जीव वाचवण्यासाठी दिलेला असतो. मास्तरांनी त्याचा संसार मांडला होता. त्यांचा उजवा पाय त्या ब्रेकच्या वर, अधांतरी, टपून असायचा. समोर वळण आलं की पाय पडला. म्हातारी दिसली की पाय पडला. म्हातारी दिसेल अशी शंका आली तरी पाय पडला. डाव्या पायाने ते त्याच वेळी क्लच दाबायचे, त्यामुळे गाडी कधी आचका देत नसे की बंद पडत नसे. लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी गावभर फिरायची, आणि स्टिअरिंगला धरून बसलेला माणूस मनात म्हणायचा, काय सुंदर चालवतोय मी!

मीही तसंच म्हणत होतो. इथे मुद्द्याची गोष्ट अशी की आपला पाय हलतो, हे मास्तरांना ठाऊकच नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की मी नुसता बसलो होतो.

तोंड मात्र त्यांचं पुरतं जागं असायचं.

"गिअर टाका, साहेब. ती काठी आहे ना, तिला गिअर म्हणतात. छत्री नाही ती."

"तिसरा टाकू का?"

"मला काय विचारता? माझ्या अंगात आहे. तुमच्या अंगाला विचारा."

"पण तिसरा कधी टाकायचा, हे कळायचं कसं?"

"ज्याला कळतं त्याला कळतं!"

प्रश्न विचारलेला त्यांना अजिबात खपत नसे. प्रश्न म्हणजे उर्मटपणा, किंवा बहिरेपणा. त्यांना स्वतःला ज्या उस्तादाने शिकवलं त्याने चुकीच्या गिअरला एक, याप्रमाणे मनगटावर पाना हाणला होता. मास्तर बाही वर करून ते वळ दाखवायचे. "मी कुणाला बोट तरी लावलं का?" ते विचारायचे. खरंच लावलं नव्हतं. बोट कधीच नाही. फक्त पाय.

माझी परीक्षा झाली ती अशी. लायसन्सच्या ऑफिसमागे मैदान होतं. शेजारी, मास्तरांच्या जागेवर, इन्स्पेक्टर बसले. हा जाडजूड, झोपाळू माणूस आपले दोन्ही पाय सीटखाली ओढून घेऊन बसायचा. मी झोकात निघालो. मैदानाच्या टोकाला डांबराची रिकामी पिंपं रचली होती. इन्स्पेक्टर म्हणाले, "थांबवा." मी थांबायची वाट पाहू लागलो. दोन महिने गाडी अशीच थांबत आली होती. ती थांबेना. मला तिचं जरा आश्चर्य वाटलं. पिंपांनाही वाटलं असावं, कारण ती सगळी एकदम उठून चालू लागली.

आवाज थांबल्यावर इन्स्पेक्टरनी विचारलं, "ब्रेक का नाही मारला?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "तो लागतो ना आपोआप?"

झोपाळू माणसाला एवढं टक्क जागं झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मास्तर धावत आले. मला खात्री होती की ते आधी मला विचारतील, लागलं का. त्यांनी आधी बंपर पाहिला, मग पिंपं पाहिली, आणि शेवटी अतीव समाधानाने माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं होतं की नाही? रस्ता ओलांडतानाच सांगितलं होतं!"

नापासांच्या त्या मांदियाळीत मी एकटा नव्हतो. त्यात मास्तरांच्या घरचीच एक मानकरी होती, त्यांची बायको. त्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. स्कूलचं टेबल, पावत्या, फोन, रडणाऱ्या विद्यार्थ्यांना पाणी देणं, हे सगळं वहिनी बघायच्या. मास्तरांनी त्यांना लग्नानंतर हौसेने शिकवायला घेतलं होतं आणि त्या चारदा नापास झाल्या होत्या. चारही वेळा एकाच रीतीने, थांबायच्या वेळी न थांबता. हा किस्सा मास्तर पाहुण्यांना चहाबरोबर द्यायचे.

"हिच्या अंगात स्वयंपाकसुद्धा नाही," ते म्हणायचे, "गाडी कुठून असणार?"

"तुमच्या अंगात काय आहे ते एकदा तपासून घ्या," वहिनी आतून म्हणायच्या. "कपडे धुताना मला तरी काही सापडलं नाही."

हे त्यांचं प्रेमाचं बोलणं नव्हतं. लोकांना तसं वाटायचं. मी समोर बसायचो, मला वाटायचं नाही.

मग मास्तरांचा गुडघा गेला. उजवाच. एके सकाळी ते उठले आणि पाय उठला नाही. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि विचारलं, "कुठला खेळ खेळायचात?" मास्तर म्हणाले, कुठलाच नाही, मी नुसता बसून असतो. डॉक्टर म्हणाले, बसून असणाऱ्या माणसाचा एकच गुडघा असा झिजत नाही. पाय वर्षानुवर्षं हवेत धरून ठेवल्यासारखा दिसतोय. वहिनींनी फोटोकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं. बाहेर येऊन त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुम्ही कधी ब्रेक मारलाय?"

मी आठवून पाहिलं. "नाही."

"मी पण नाही," वहिनी म्हणाल्या. "चार परीक्षा दिल्या मी! एकदासुद्धा नाही!"

मास्तरांना आता शिकवणं बंद होतं. त्यांनी गाडी आणि स्कूल विकायचं ठरवलं. पलीकडच्या चौकातला स्कूलवाला टपूनच होता, महिनाअखेरीला येऊन किल्ली नेणार होता. ज्या टेबलामागे वहिनींचं अर्धं आयुष्य गेलं, ते टेबलही त्यात जाणार होतं.

"विकायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "मी शिकवीन."

मास्तर इतके हसले की गुडघ्यात कळ आली. "आधी स्वतः पास हो! तू पास झालीस तर स्कूल तुझं. मी शब्द काढणार नाही. झाली नाहीस तर तोंड बंद करून त्याच्या हातात किल्ली द्यायची."

"यांच्या समोर सांगा," वहिनींनी माझ्याकडे बोट केलं.

"यांच्या समोर सांगतो. यांनी तर पिंपंसुद्धा सोडली नाहीत. चांगला साक्षीदार शोधलास!"

तर अशी पैज लागली. वहिनींना शिकवणार कोण, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर एका बेकरीच्या गाडीत बसलेलं होतं. वहिनींची धाकटी बहीण पावाची गाडी चालवायची. सकाळी दुकानादुकानांत पाव टाकायचे आणि दुपारी रिकामे क्रेट गोळा करून आणायचे, हा तिचा धंदा. तिचं आणि मास्तरांचं हाडवैर होतं. मास्तर तिला 'ती खटारेवाली' म्हणायचे. ती त्यांना तोंडावर 'भाऊजी' म्हणायची आणि पाठीमागे जे म्हणायची ते मी इथे लिहीत नाही.

दुपारी, एका बंद गोदामामागच्या मोकळ्या जागेत, धाकटीने पावाचे रिकामे क्रेट गल्ली आखल्यासारखे मांडले. वहिनी स्टिअरिंगला बसल्या. मागे, पावाच्या वासात, मी. धाकटी शेजारी बसली, चपला काढल्या, सीटवर मस्त मांडी घातली आणि ओच्यात शेंगदाण्यांची पुडी उघडली.

"अगं, पाय खाली ठेव!" वहिनी किंचाळल्या.

"कशाला? माझ्या बाजूला ब्रेक कुठाय? ही पावाची गाडी आहे, ताई. ब्रेक एकच आहे आणि तो तुझ्याकडे आहे."

"मी ठोकली तर?"

"ठोक. क्रेटच आहेत. ठोकल्याशिवाय तुला गाडी कुठे संपते ते कसं कळणार?"

वहिनींनी पहिल्या दिवशी सगळे क्रेट ठोकले. दुसऱ्या दिवशी सगळे क्रेट आणि गोदामाचं दार. गाडी दर पाच पावलांवर आचका देऊन बंद पडायची. दर वेळी धाकटी एक दाणा तोंडात टाकायची आणि विचारायची, "का बंद पडली?"

"मला काय माहीत! तू सांग!"

"मी नाही सांगणार. गाडी तू बंद पाडलीस."

"अगं ए, मी तुझी मोठी बहीण आहे!"

"म्हणूनच विचारते. पायाला काय लागलं शेवटी? आठव."

वहिनी तिला नको नको ते बोलायच्या. लहानपणची भांडणं निघायची, आईने कुणाला जास्त साय दिली तेही निघायचं. धाकटी काही प्रेमळ गुरुमाउली नव्हती. ती सरळ हसायची, नावं ठेवायची, 'तुला भाऊजीच शोभतात' असंही म्हणायची, जे वहिनींना पान्यापेक्षा जास्त लागायचं. पण एक गोष्ट ती करत नसे, चूक अडवत नसे. चूक झाली की ती आनंदाने पुढे सरसावून बघायची, जणू आता कुठे काहीतरी हाती लागलं. आणि उत्तर यायची वाट बघायची. पुडी संपेपर्यंत.

एका दुपारी गाडी बंद पडली आणि धाकटीने विचारण्याआधीच वहिनी चवताळून म्हणाल्या, "गप्प बस! क्लच लवकर सोडला. तिसऱ्यात होती, दुसऱ्यात आणायला हवी होती. कळलं मला!"

"मी काही बोलले का?" धाकटी म्हणाली.

नंतर माझी पाळी यायची. मला चुकांमध्ये अशी काही गती आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्यांदा स्वतःच्या पायाने ब्रेक मारला तेव्हा आम्ही तिघंही काचेवर आपटलो, आणि मी इतका खूश झालो की पुन्हा मारला.

परीक्षेच्या दिवशी मास्तर काठी टेकत आले. स्कूलचा मालक मागच्या सीटवर बसू शकतो असा नियम होता, आणि मास्तरांनी तो सोडायचं कारण नव्हतं. पुढचा उमेदवार म्हणून त्यांच्या शेजारी मी. पुढे वहिनी आणि पाय सीटखाली ओढून घेतलेले इन्स्पेक्टर. त्यांनी मला ओळखलं आणि पट्टा आणखी घट्ट केला.

"आता बघा," मास्तर माझ्या कानात म्हणाले. "आता पिंपं."

वहिनींनी गाडी काढली. मैदानातून चढावर, चढावरून वळणावर. आचके देत, मास्तरांच्या हाताखाली कधी निघाली नव्हती इतकी ओबडधोबड, पण त्यांच्या स्वतःच्या पायाने. वळण संपलं आणि ऑफिसचा शिपाई फायलींनी भरलेली हातगाडी ढकलत बरोबर मधोमध आला.

"ब्रेक!" मास्तर ओरडले, आणि त्यांचा तो उजवा पाय, डॉक्टरांनी, औषधांनी आणि काठीने मना केलेला पाय, मागच्या सीटसमोरच्या रिकाम्या पत्र्यावर धाडकन आपटला.

गाडी थांबली. शिपायापासून चांगली लांब. मी मागून वहिनींची टाच पाहत होतो. ती ओरडण्याच्या आधीच खाली गेली होती. थांबता थांबता इंजिन आचका देऊन बंद पडलं. मास्तर दात आवळून गुडघा धरून बसले होते.

वहिनी स्वतःशीच, पण मोठ्याने म्हणाल्या, "का बंद पडली? ब्रेक मारला, क्लच राहिला." मग क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, गाडी सुरू केली, शिपायाला हाताने 'व्हा पुढे' सांगितलं आणि निघाल्या.

इन्स्पेक्टरनी सही केली. "गाडी बंद पडली तुमची," ते म्हणाले, "पण का पडली ते सांगणारी तुम्ही पहिलीच. इथे सगळे गाडीला शिव्या देतात."

त्यानंतर मीही पास झालो, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. इन्स्पेक्टरांचंसुद्धा नव्हतं, त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

बाहेर धाकटी पावाच्या गाडीला टेकून उभी होती. वहिनींच्या तोंडावरूनच तिला कळलं. "काय भाऊजी," ती म्हणाली, "आली का अंगात?"

मास्तरांनी काठी आपटली. "बंद करा ही नाटकं! ब्रेक कुणी मारला? विचारा यांना! मी मारला म्हणून तो शिपाई आज घरी जेवायला जाणार आहे!"

"मास्तर," मी म्हणालो, "मागे ब्रेक नसतो."

"तुम्ही गप्प बसा! तुमच्या अंगातच नाही!"

"अहो, मागे नुसता पत्रा आहे," वहिनी म्हणाल्या.

"पत्रा! माझ्या पायाला विचार पत्रा होता की ब्रेक!"

त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांचं म्हणणं बदललेलं नाही. बायको पास झाली ती त्यांच्या पायामुळे, आणि लायसन्स खरं म्हणजे त्यांच्या गुडघ्याचं आहे. दुकानात, दवाखान्यात, रांगेत, कुणीही भेटला की हे सांगतात. ऐकणारा मान हलवतो, कारण न हलवली तर ते पुन्हा पहिल्यापासून सांगतात. पण शब्द दिला होता, आणि तो मात्र त्यांनी पाळला. चौकातला स्कूलवाला किल्ली न्यायला आला तेव्हा मास्तरांनीच त्याला हाकलला. जाता जाता त्याच्या चालण्याकडे बघून, तुलाही येत नाही, असंही सांगितलं.

वहिनींनी आधी टेबल धुऊन पुसून घेतलं, मग यथावकाश शिकवण्याचा परवाना काढला आणि त्या मास्तरांच्या जागेवर बसल्या. पहिला विद्यार्थी दातांचा डॉक्टर होता. मैदानात क्रेट मांडले, डॉक्टरने गाडी काढली, आणि वहिनींचा उजवा पाय आपसूक ब्रेककडे निघाला. त्यांनी तो हाताने धरून मागे आणला आणि सीटवर मांडी घातली.

"खरं सांगू का," त्या मला म्हणाल्या, "यांचा पाय का जायचा ते मला तेव्हा कळलं. भीती वाटते हो. समोरचा माणूस चुकणार हे दिसत असतं, आणि नुसतं बघत बसायचं म्हणजे जीव जातो."

"मग काय करता?"

"मांडी घालते. भीती तशीच राहते." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "पण त्यांना सांगू नका हं. चढून बसतील."

मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, ते मला कळत नाही. रस्त्यावर निघाल्या की त्या पाय खाली सोडतात, ब्रेकवर नाही, ब्रेकच्या शेजारी. विद्यार्थी ठोकतात, रडतात, भांडतात, आणि वहिनी दाणे खात विचारतात, का बंद पडली? चढ्या आवाजात विचारतात. त्यांचा स्वभाव काही बदललेला नाही, तेव्हा विद्यार्थी त्यांना बाहेर जाऊन शिव्याही देतात. आपापल्या गाडीत बसून देतात, आणि स्वतः चालवत घरी जातात.

मास्तरांनी ठरवलं होतं की रोज मागच्या सीटवर बसायचं आणि शिकवणीवर देखरेख करायची. त्याआधी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. ते बिघडलं. तो पाय आता वाकत नाही, आणि न वाकणारा पाय त्या गाडीत मागे मावत नाही, पुढेही मावत नाही.

मास्तर बसने जातात.